जीपला मोठे टायर बसवण्यापूर्वी



जुनी सीजे-३बी जीप आपल्याकडे अजून कित्येकांच्या दारात उभी आहे. आठवडाभर खताची पोती वाहायची आणि जत्रा आली की घरची मंडळी घेऊन घाटवाटेने दूरवर जायचं, अशी दोन्ही कामं ती करते. चिखलात एकदा रुतली की कोणीतरी सल्ला देतो, "मोठे टायर टाका." टायर बसतात, गाडी भारदस्त दिसते. पुढे एखाद्या ओढ्यात कडकन आवाज होतो आणि एक्सल मोडतो. असं का होतं, ते समजून घेऊ.

जोर चाकापर्यंत कसा जातो?

इंजिनाचा जोर क्लचमधून गिअरबॉक्सला, तिथून ट्रान्स्फर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीला, मग प्रॉपेलर शाफ्टने क्राऊन-पिनियनला आणि शेवटी एक्सलला पोहोचतो. या वाटेवर वेग कमी होतो आणि जोर वाढतो. मूळच्या तीन गिअरच्या जीपमध्ये पहिला गिअर जोर सुमारे २.८ पट करतो. लो गिअर तो आणखी सुमारे अडीच पट करतो. क्राऊनला ४३ दाते आणि पिनियनला ८, म्हणून तिथे ५.३८ पट. सगळ्यांचा गुणाकार ३७ च्या आसपास जातो. लो गिअरमध्ये रुतलेली गाडी झटका देऊन काढताना हा सारा पीळ एक्सलवर येतो.

मोठ्या टायरने काय बदलतं?

समजा २८ इंच उंचीचा टायर काढून ३१ इंची बसवला. आता तीच ओढ मिळवायला एक्सलला सुमारे ११ टक्के जास्त पीळ सोसावा लागतो. ५.३८ चं क्राऊन-पिनियन ४.८६ असल्यासारखं वागतं. चढाला गाडी दमते, चालक क्लचवर पाय ठेवून ओढतो आणि प्लेट जळते. उताराला धोका अधिक. इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं, ती पकड कमी होते. ब्रेक मात्र जुनेच. मीटरवर ४० दिसतात तेव्हा गाडी ४४ ने धावत असते. मागे आपलीच लेकरंबाळं बसलेली असतात, हे ध्यानात ठेवा.

खिल्लारी जोडी जुंपली पण आख जुनाच ठेवला, तर गाडी माळावरच बसते. जीपचंही तसंच आहे.

आधी हे करा

१. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. खाली जाऊन प्रॉपेलर शाफ्ट हाताने हलवा. क्रॉस खडखडला तर तो बदला. नवा क्रॉस मोडलेल्या शाफ्टपेक्षा फार स्वस्त पडतो.

२. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही हाउसिंगचं ऑइल तपासा. ते ताकासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी गेलं आहे. तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. म्हणून हवेचं छिद्र, म्हणजे ब्रीदर, साफ ठेवा. त्याला रबरी नळी लावून ती उंच बांधली तर उत्तमच.

३. ग्रीस निपल चिखलातून आल्यावर पुसून भरा.

४. चढावर इंजिन फिरतं पण गाडी वेग घेत नाही, असं दिसलं तर क्लच आधी बघा.

बदल करायचाच असेल तर

क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदला आणि दात्यांमधली फट जाणत्या मिस्त्रीकडूनच लावून घ्या. पुढच्या आणि मागच्या हाउसिंगचं प्रमाण एकच हवं. पुढे एक आणि मागे दुसरं ठेवलं, तर चारही चाकांचा गिअर टाकताच पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी झगडतात आणि दाते तुटतात. याच कारणाने चारही टायर सारख्या मापाचे ठेवा आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावू नका. मोठ्या टायरबरोबर ब्रेकचंही काम करून घ्या.

आणखी एक. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. इंजिन किंवा टायरचं माप बदलण्याआधी परिवहन कार्यालयात विचारा. नाहीतर अपघात झाल्यावर विम्याच्या पैशालाही अडचण येऊ शकते.

पुष्कळदा असं दिसतं की क्रॉस, क्लच, ऑइल आणि ब्रीदर ठीक केले, मूळ मापाचे चांगल्या नक्षीचे टायर घातले, की तीच जीप चिखलातून निमूट बाहेर येते. तेव्हा यंदाच्या जत्रेआधी एक सकाळ गाडीखाली घालवा. मोठ्या टायरचा विचार त्यानंतर करा.