सांडपाण्याचा खर्च कोणाच्या वहीत?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा १०० पैकी ९३.६९ गुणांसह तारापूर पहिले आले. बोईसर-पालघरच्या हजारो घरांची चूल ज्या एमआयडीसीवर पेटते, तीच ही.

उद्योगाची सामाजिक जबाबदारी म्हटली की बोलणे सीएसआरकडे वळते. २०१३ च्या कंपनी कायद्याने वर्षाला ५ कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ नफा कमावणाऱ्या आणि इतर मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीचे २ टक्के समाजासाठी खर्च करायला सांगितले. तारापूरचे कितीतरी छोटे रसायन कारखाने या निकषात बसतच नाहीत. जबाबदारी मात्र त्यांच्यावरही आहे, आणि ती कारखान्याच्या मागच्या पाइपातून वाहते.

ती पेलायला पैसा लागतो. प्रत्येक छोट्या कारखान्याला स्वतःची पूर्ण प्रक्रिया यंत्रणा परवडत नाही. जागा, वीज, माणसे कुठून आणायची? म्हणून सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र. कारखान्याने प्राथमिक प्रक्रिया करायची, उरलेले काम वर्गणीतून केंद्राने करायचे आणि मग पाणी नवापूरच्या समुद्रात सोडायचे. विचार उत्तम होता. पण दिवसाला अडीच कोटी लिटर क्षमतेच्या केंद्रात त्याहून जास्त सांडपाणी येऊ लागले. प्राथमिक प्रक्रिया टाळून आलेले तीव्र पाणी केंद्रातले घाण पचवणारे जिवाणूच मारते. मग नियम पाळणाऱ्याची वर्गणीही वाया जाते.

टाळलेला हा खर्च फिटला किनाऱ्यावर. नवापूर, दांडी, मुरबे, सातपाटी ही मच्छीमारांची गावे. ज्या पापलेटसाठी सातपाटी ओळखली जाते, त्याला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला. खाडीतल्या मासेमारीचे नुकसान मात्र मच्छीमारांनीच सोसले. या मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरच्या आसपास कारखाने आणि प्रक्रिया केंद्र यांना मिळून शंभर कोटींहून अधिक भरपाई भरायला सांगितले. इतकी वर्षे वाचवलेला पैसा असा एकदम अंगावर आला.

छोट्या कारखानदाराची अडचण खरी आहे. पाणी शुद्ध करणाऱ्याचा माल महाग पडतो, नाल्यात सोडणाऱ्याचा स्वस्त. ही तफावत मिटवायला प्रत्येक कारखान्याच्या तोंडाशी मोजणी हवी आणि वर्गणी पाण्याच्या लिटरांवर न ठेवता त्यातल्या घाणीवर ठरायला हवी. दिवसाला पाच कोटी लिटरचे नवे केंद्र हाती घेतले गेले, हे चांगलेच झाले. पण तिथे येणारे पाणी आधीसारखेच तीव्र असेल, तर त्याचेही जिवाणू मरतील.