गर्दीतला गळ

थंडीतल्या रविवारी धरणाच्या काठावर जागा मिळत नाही. जागा मिळाली तर मासा मिळत नाही. मग शेजारच्या काकांच्या पिशवीत दहा चिलाप्या येतात कुठून?

डिसेंबरचा रविवार. रूमवरच्या पोरांना कसंबसं उठवून तुम्ही गाड्या काढता आणि धरण गाठता. एकबुर्जी असो, सोनल असो की अडाण, चित्र सारखंच. काठावरच्या दगडांवर आधीच मंडळी बसलेली. कुणाचा स्पीकर चालू, कुणाचं रील चालू, कुणी नुसतेच पाण्यात गोटे मारतंय. तुम्ही दोघांच्या मधे जागा करून गळ टाकता. तास जातो, दीड तास जातो, थर्माकोलचा तुकडा काही हलत नाही. 'आज मासाच नाही यार' म्हणत तुम्ही पोह्यांच्या गाडीकडे वळता. तिकडे वीस पावलांवर बसलेले एक काका गुपचूप एकेक चिलापी कापडी पिशवीत टाकत असतात.

हे नशीब नाही. गर्दीत मासा पकडायची एक रीत आहे, आणि ती शिकता येते.

बर्फावरही हीच बोंब

अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन अशा थंड राज्यांत हिवाळ्यात तळी गोठतात. लोक बर्फाला भोकं पाडतात आणि त्यातून गळ सोडून बसतात. त्यांना हवे असतात ब्ल्यूगिल, क्रॅपी असे छोटे मासे. तव्यात अख्खा मावतो म्हणून अशा माशाला तिकडे 'पॅनफिश' म्हणतात. एका जागी मासा लागतोय अशी बातमी फुटली की तिथे जत्रा भरते, आणि बर्फावरच्या धावपळीने मासा बिचकतो. जाणकार माणूस मग गर्दीच्या कडेला सरकतो, दोरी बारीक करतो, आमिष छोटं करतो आणि गप्प बसतो.

आपल्याकडे बर्फ नाही, पण तव्यात मावणारा मासा आहे. तो म्हणजे तिलापिया, आपली चिलापी. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. १९५२ मध्ये तो भारतात आणला गेला आणि बघता बघता देशभरच्या पाण्यात पसरला. यातली मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं जगतात जास्त. काठाजवळच्या उथळ पाण्यात तो फिरतो. म्हणजे बोट नको, महागडी छडी नको; काठावर बसूनही तो मिळतो.

आधी पाय, मग गळ

माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेघ असते. पाण्यातली बारीक हालचालही त्याला तिच्यामुळे कळते. आवाज पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो. तुम्ही दगडावरून धपकन उतरलात की खालच्या माशाला ते लगेच समजतं. कुणी म्हातारबा ओरडतात ना, "काहून रे पोट्टेहो, गोटे काहून फेकता? मासा पयते ना!" ते उगीच नाही.

म्हणून हळू उतरा आणि एकदा बसलात की बसा. सावलीकडेही लक्ष द्या. थंडीत सकाळी ऊन तिरपं असतं, सावली लांब पडते. ती पाण्यावर हलली की काठाजवळचा मासा आत जातो. आणि जिथे पंधरा जण बसलेत तिथे सोळावे होऊ नका. गर्दी संपते तिथून थोडं पुढे, जिथे गवत किंवा बुडालेलं झुडूप आहे तिथे बसा. बिचकलेला मासा फार लांब जात नाही, आडोसा शोधतो.

जाड तंगूस, रिकामी पिशवी

आपली नेहमीची चूक म्हणजे मोठ्या माशाच्या आशेने जाड तंगूस आणि मोठा गळ. चिलापीचं तोंड लहान. ती आमिष चोखते, टोचलं की थुंकते. अर्धा किलोच्या आतल्या माशाला ०.१८ ते ०.२० मिलिमीटरची तंगूस पुरते. गळ बारा किंवा चौदा नंबरचा घ्या. इथे नंबर वाढला की गळ लहान होतो, हे दुकानात लक्षात ठेवा. गांडुळाचा अर्ध्या बोटाएवढा तुकडा किंवा हरभऱ्याएवढी कणकेची गोळी भरपूर झाली.

थर्माकोलचा तुकडाही लहान हवा. शिशाचं वजन असं लावा की तुकड्याचं फक्त टोक पाण्यावर दिसेल. मोठा तुकडा ओढायला माशाला जोर लागतो आणि संशय येतो. शिसं गळाजवळ असेल तर आणखी एक गंमत दिसते. मासा तळावरचं आमिष उचलतो तेव्हा तुकडा बुडत नाही, उलट वर येऊन आडवा पडतो. शेजारचे सगळे तुकडा बुडायची वाट बघत असतात. तुम्ही तो आडवा पडला की हलकेच मनगट उचला. काकांच्या पिशवीचं निम्मं गुपित इथेच आहे.

पहाटे पाचची घाई कशाला?

माशाचं रक्त थंड. पाणी गार झालं की त्याचं शरीर मंदावतं आणि भूकही कमी होते. चिलापी तर उष्ण प्रदेशातली, तिला गारठा अजिबात मानवत नाही. म्हणून थंडीत पहाटे कुडकुडत बसण्यात अर्थ नाही. दहा-अकरानंतर उथळ पाणी आणि काठाचे दगड तापतात, तेव्हा ती बाहेर येते. तोपर्यंत सकाळची निम्मी गर्दी कंटाळून घरी गेलेली असते, हा आणखी फायदा.

हा मासा कुणाचा?

आता महत्त्वाचं. धरण सरकारी आहे म्हणजे त्यातला मासा कुणाचाच नाही, असं नसतं. जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. संस्था पैसे भरते, कटला, रोहू, मृगळची बोटुकली विकत आणून सोडते. ती वाढेपर्यंत वाट पाहते, आणि त्या माशावर सभासदांची घरं चालतात. तुमच्या गळाला लागलेला पावशेर रोहू तुमच्यासाठी सेल्फी असेल, त्यांच्यासाठी ती पुढच्या वर्षीची कमाई असते.

म्हणून गळ टाकण्याआधी विचारा. काठावर संस्थेचा माणूस किंवा राखणदार भेटतो. "दादा, गळ टाकलेला चालतो का इथं?" एवढं विचारायला काही लागत नाही. नाही म्हणाले तर नाही. हो म्हणाले तर चिलापी घ्या, पण कटला-रोहूची पिल्लं परत सोडा. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग ती जगत नाहीत. घरून निघतानाच गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला तर मासा पटकन सुटतो. करंट लावणं, सुरुंग उडवणं, विष कालवणं याच्या वाटेला तर जाऊच नका. सुरुंग आणि विषाला १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून बंदी आहे.

शेजाऱ्याचाही मान ठेवा. त्याच्या दोरीवर दोरी टाकू नका. त्याला मासा लागला की आपली दोरी गुंडाळून घ्या. तुटलेली तंगूस खिशात टाका. ती कुजत नाही आणि थंडीत येणाऱ्या चक्रवाकांच्या पायात अडकते.

वीस रुपयांचा गळ

शेवटची गोष्ट, आणि ही वाचून सोडून देऊ नका. गळ अडकला की ग्रुपमधला एखादा शर्ट काढतो आणि म्हणतो, "थांब, मी काढून आणतो." त्याला अडवा. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली गाळ असतो, बुडालेली झाडं असतात, दोन पावलांवर एकदम खोली असते. पोहता येणाराही गाळात किंवा जुन्या जाळ्यात अडकतो. तंगूस तोडा आणि दुसरा गळ बांधा. शेवाळलेल्या दगडांवर आणि सांडव्याजवळ जाऊ नका. कार्बनची लांब छडी असेल तर डोक्यावरून मोटारपंपाच्या तारा गेल्यात का ते बघा, कार्बनमधून वीज वाहते. आणि सोबत एक लांब दोर ठेवा. कुणी पडलंच तर मागे उडी मारू नका, दोर फेका.

पुढच्या रविवारी जाल तेव्हा स्पीकर घरी ठेवा. काकांजवळ जाऊन विचारा, "काका, इथं बसू का?" ते बहुतेक मान हलवतील, बोलणार नाहीत. तुम्हीही बोलू नका. तुकडा आडवा पडला की मात्र बघा, तेच खुणेने सांगतील, "उचल!"