चायनीजच्या गाड्यावर नसलेली चिनी भाजी

सात रस्ता घ्या नाहीतर जुळे सोलापूर, दिवेलागणीला चायनीजचे गाडे सुरू होतात. मंच्युरियन, शेजवान राईस, हाका नूडल्स सगळं मिळतं. पण त्यात हिरवं म्हणून पडतं ते कोबी, सिमला मिरची आणि कांद्याची पात. मंच्युरियन तर आपल्याकडचंच. मुंबईत नेल्सन वांग यांनी 1975 च्या सुमारास ते पहिल्यांदा केलं असं मानतात. चीनमधल्या घरांत रोज शिजणारी पालेभाजी मात्र या गाड्यांवर औषधालाही सापडत नाही.

ती भाजी मी माझ्या गच्चीवर लावते. बघायला येणाऱ्या बायका विचारतात, "हे परदेशी झाड आपल्या उन्हात टिकतं का?" मी त्यांना आधी दुसरंच सांगते: चिनी पालेभाज्यांतल्या बऱ्याचशा आपल्या मंडईत पिढ्यान् पिढ्या विकल्या जातात.

लाल माठ घ्या. दक्षिण चीनमध्ये तो लसणावर परततात आणि त्याचं लालभडक पाणी भातावर ओतून खातात. पावसाळ्यात गच्चीच्या कडेला न पेरता उगवणारी घोळ तिकडेही रानभाजी म्हणून खुडतात. मायाळूचं तिकडे सूप होतं. आमच्या शेजारच्या अक्का शहराच्या पूर्व भागातल्या, माहेर-सासर दोन्ही विणकरांचं आणि घरात तेलुगू. त्या मायाळूला बच्चली म्हणतात आणि तुरीच्या डाळीत घालून तिचं पप्पू करतात. नाळीची भाजी कोकणात आणि विदर्भात तळ्याकाठी मिळते. कँटनकडच्या जेवणात तिचा मान मोठा. देठ पोकळ, पानं लांबट, वाढ उन्हाळ्यातही जोरात. पेराजवळ तोडलेला दांडा पाण्यात ठेवला की मुळं फुटतात. फक्त ती सांडपाण्याच्या डबक्यातली घेऊ नये आणि कच्ची खाऊ नये.

खरे पाहुणे म्हणजे मोहरीच्या गोतातले चार जण. बॉक चॉय म्हणजे पांढऱ्या किंवा फिकट हिरव्या जाड देठांची, चमच्यासारख्या पानांची. चॉय सम बारीक देठाची, कळ्यांसकट कोवळी खुडायची. नापा हा लांबट, सैल गड्ड्याचा कोबी. गाय चॉय म्हणजे रुंद पानांची तिखट मोहरी, ईशान्य भारतातल्या लाय भाजीची सख्खी बहीण. यातल्या पहिल्या तीन आणि आपला सलगम वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी एकाच जातीचे. पिवळी सरसोंही त्यांच्यातलीच. माणसांनी कुठे मुळं जपली, कुठे बी, कुठे पानं, म्हणून रूपं वेगळी झाली. मोहरीवर्गातल्या या पिकांचं नातं वू जांग-चून या शास्त्रज्ञाने 1935 मध्ये उलगडून दाखवलं.

आता सोलापूरकराचा चीनशी संबंध म्हटला की पहिलं नाव डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं. 1910 मध्ये ते इथे जन्मले, 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले. त्यांची शेवटची वर्षं गेली तो हबेई प्रांत उत्तरेकडचा, कडाक्याच्या थंडीचा. त्या भागात नापा कोबी हिवाळ्याच्या तोंडाला काढून महिनोन् महिने साठवतात. बॉक चॉय आणि चॉय सम यांचं खरं घर मात्र दक्षिणेकडे, उबदार हवेत. बी घेताना हा फरक ध्यानात ठेवावा. चीन म्हणजे एकच हवामान नव्हे. नापाचा गड्डा धरायला बरेच आठवडे सलग गारवा लागतो आणि सोलापूर तो मोजूनमापून देतं. बॉक चॉयला 15 ते 22 अंश मानवतं आणि आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री साधारण 15 च्या आसपास असतात. म्हणून पहिल्यांदा लावणाऱ्याने बॉक चॉय आणि चॉय सम घ्यावी. नापाच्या वाटेला हात बसल्यावर जावं.

पेरणी दसऱ्यानंतर करायची. ऑक्टोबरचं ऊन ओसरू लागलं की पहिलं बी, मग दर पंधरवड्याला थोडं थोडं, डिसेंबर संपेपर्यंत. फेब्रुवारीत ऊन तापलं की रोप घाईला येतं, पानं सोडून फुलावर जातं. त्याला दोष देऊ नये. उन्हाळा आल्याचं ओळखून ते बी धरू पाहतं. तो फुलोऱ्याचा दांडा कळ्या उमलायच्या आत खुडला तर कोवळा आणि गोडसर लागतो. जून झाल्यावर मात्र दोरे निघतात.

कुंडी 8 इंच खोल असली तरी पुरते. आंब्याची जुनी क्रेट आतून शेडनेट लावून वापरली तर छान. आपली काळी माती एकटी भरू नये. भिजली की चिकट, वाळली की भेगा. या भाज्यांची मुळं उथळ असतात, त्यांना दोन्ही सोसत नाही. माती एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि कोकोपीट एक भाग. बी मोहरीएवढंच, एक सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नये. आठवड्याच्या आत उगवतं. मग विरळणी: दोन रोपांत 15 सेंटिमीटर अंतर ठेवायचं आणि उपटलेली रोपं धुऊन कोशिंबिरीत घालायची. लहान बॉक चॉय महिन्याभरात, भरलेली 45 ते 50 दिवसांत निघते.

पाण्याचं गणित सोलापूरकराला वेगळं शिकवायला नको. नळ रोज येत नाही, साठवणीचं पाणी पुरवून वापरावं लागतं. म्हणून मी कुंडीवर ज्वारीच्या वाळल्या पानांचं आच्छादन घालते आणि तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी संध्याकाळी बुडाशी ओतते. ओल तुटू द्यायची नाही. एक दिवस वाळून दुसऱ्या दिवशी भिजलं की पानं कडवट होतात.

किडींचं म्हणाल तर कोबीवर पडणारं सगळं यांच्यावर पडतं: मावा, पानं खाणारे उडते भुंगेरे, चौकोनी ठिपक्यांचा पतंग. पेरल्या दिवसापासून जुनी मच्छरदाणी ताणून बांधणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. मावा दिसलाच तर 50 ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण मिसळून फवारायची.

आता चूल. चिनी पद्धतीचं मर्म मोठ्या आचेत आणि थोड्या वेळात आहे. देठ आणि पानं वेगळी चिरायची. देठांच्या सांध्यात माती अडकते, ती निगुतीने धुवायची. लोखंडी कढईत शेंगातेल चांगलं तापवून ठेचलेला लसूण, लगेच देठ, मिनिटभराने पानं, मीठ. पानं मान टाकताच उतरवायचं. सोया सॉस घातलाच तर मीठ कमी. झाकण ठेवू नये, हिरवा रंग जातो आणि पाणी सुटतं.

आमच्या घरी मात्र ही पालेभाजी दोन्हीकडे जाते. भातासोबत लसणावर परतलेली आणि कडक भाकरीसोबत गरगट्ट्यात. गरगट्ट्याला चुका, चाकवत, तूरडाळ आणि शेंगांचं कूट लागतंच. त्यात गाय चॉयची चार तिखट पानं मिसळली की चव खुलते. करडईची कोवळी भाजी खाणाऱ्या या जिल्ह्याला तो कडवट-तिखटपणा परका वाटत नाही.

गुणांचंही थोडं बोलू. 100 ग्रॅम बॉक चॉयमध्ये उष्मांक जेमतेम 13, क जीवनसत्त्व 45 मिलिग्रॅम आणि कॅल्शियम साधारण 105 मिलिग्रॅम. पालकातही कॅल्शियम असतं, पण ऑक्झलेट त्याला धरून ठेवतं, म्हणून शरीराला त्यातलं 5 टक्क्यांच्या आसपासच मिळतं. बॉक चॉयमधलं जवळजवळ निम्मं अंगी लागतं. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल, तर मात्र के जीवनसत्त्वामुळे डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावं. आणि कच्ची रोज भरमसाट खाऊ नये. अमेरिकेत 88 वर्षांची एक बाई मधुमेहावर इलाज म्हणून महिनोन् महिने रोज किलो-दीड किलो कच्ची बॉक चॉय खात राहिली आणि थायरॉइड मंदावून बेशुद्ध झाली. ही हकिगत 2010 मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आली होती. वाटीभर शिजवलेल्या भाजीची भीती बाळगायचं कारण नाही.

हे वाचून कुणी मे महिन्यात बॉक चॉयचं पाकीट आणलं, पारा 42 च्या पुढे असेल, तर ते घट्ट डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावं. बी दोन-तीन वर्षं सहज टिकतं. तोवर कुंडी रिकामी ठेवू नका. लाल माठ पेरा, तीन आठवड्यांनी खुडा, मोठ्या आचेवर लसणात परता आणि ते लाल पाणी भातावर घ्या. तेही चिनी जेवणच झालं.