विकीची दोन कोठारे

ऑगस्ट २००६मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग जलमय झाला. तळमजल्यावरील कपाटांतल्या कागदपत्रांची अशा वेळी काय दशा होते, हे सुरतकरांना सांगावयास नको. उधना, लिंबायत, डिंडोली येथे स्थिरावलेल्या आपल्या खानदेशी कुटुंबांच्या वंशावळी, मंडळांचे अहवाल आणि उत्सवांची छायाचित्रे जपावयाची, तर कागदाला जोड हवी. विकी ही तशी एक जोड होय.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिला विकी सुरू केला. मराठी विकिपीडियाचा आरंभ २००३ सालचा. विकिपीडिया ज्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालतो, ते विनामूल्य मिळते. त्यामुळे एखाद्या मंडळालाही आपला स्वतंत्र विकी उभारता येतो. मात्र त्याची अंतर्गत व्यवस्था आधी समजून घ्यावयास हवी.

पडद्यावर लेख व छायाचित्र शेजारी शेजारी दिसतात. परंतु त्यांची कोठारे निराळी असतात. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो. दुरुस्ती केली तरी जुना मजकूर पुसला जात नाही. नवी आवृत्ती त्याच्यापुढे जमा होते. पानाचे शीर्षक म्हणजे दारावरची पाटी. आत प्रत्येक पानाला स्वतःचा क्रमांक असतो. म्हणून शीर्षक बदलले तरी पानाचा पूर्वेतिहास शाबूत राहतो.

छायाचित्रे मात्र संगणकावरील एका स्वतंत्र फोल्डरमध्ये जातात. एकाच ठिकाणी हजारो फाइलींची गर्दी होऊ नये, म्हणून फाइलीच्या नावावरून गणिताने एक संकेत काढतात. त्या संकेताच्या पहिल्या दोन चिन्हांनुसार १६ मोठे कप्पे आणि प्रत्येकाच्या पोटात १६ लहान कप्पे, असे एकूण २५६ कप्पे होतात. नाव हाच येथे पत्ता असल्याने फाइली हाताने इकडेतिकडे हलवू नयेत. नावही ‘फोटो १’ असे मोघम न देता प्रसंग व वर्ष सांगणारे द्यावे.

खरा धोका पुढेच आहे. राखीव प्रत घेताना अनेकदा केवळ डेटाबेस उतरवून घेतला जातो. पुढे सर्व्हर बिघडला, की लेख परत मिळतात. पण छायाचित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी उरतात. उलट, केवळ छायाचित्रे जपली, तर त्यांतील आजोबा कोण आणि प्रसंग कोणता, हे सांगणारा मजकूर हरपतो. कारण छायाचित्राखालचे वर्णन डेटाबेसमध्ये असते.

म्हणून दोन्ही कोठारांची प्रत एकाच वेळी घ्यावी आणि सॉफ्टवेअरच्या मांडणीची फाइलही सोबत ठेवावी. वर्षातून एकदा त्या प्रतीवरून विकी दुसऱ्या संगणकावर उभा करून पाहावा. न तपासलेल्या प्रतीचा भरवसा धरता येत नाही. एक प्रत सुरतेत असली, तर दुसरी जळगावच्या वा धुळ्याच्या आप्तांकडे असावी. तापीचे पाणी पुन्हा कधी घरात शिरलेच, तरी घराण्याची स्मृती त्याबरोबर वाहून जाणार नाही.