मॉर्फीन आणि श्वासाचा ताल

वर्धा जिल्ह्यात तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला खर्रा पानठेल्यांवर सर्रास मिळतो, आणि त्याने जडलेल्या तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात येत असतात. रोग जबड्याच्या हाडात उतरला की साध्या गोळ्यांनी वेदना शमत नाही आणि अफूपासून मिळणारे मॉर्फीन द्यावे लागते; मात्र त्याचे नाव काढताच ‘श्वास बंद पडेल’ या धास्तीने घरचे लोक हात आखडता घेतात. ही धास्ती कोठे खरी आहे आणि कोठे अनाठायी, हे श्वासाची यंत्रणा पाहिल्यावरच उमगते.

हृदयाच्या ठोक्यांचे उगमस्थान हृदयातच असते. फुप्फुसांना मात्र स्वतःची चालना नसते. मेंदू जेथे मज्जारज्जूला मिळतो त्या लंबमज्जेतून प्रत्येक श्वासाची आज्ञा निघते. १९९१ मध्ये जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात उंदरांच्या लंबमज्जेचा पातळ काप द्रावात जिवंत ठेवला, तेव्हा शरीरापासून तुटलेल्या त्या कापातूनही श्वासाचे स्पंद ठरावीक अंतराने उमटत राहिले. हा ताल ज्या चेतापेशींच्या पुंजक्यातून येतो, त्याला ‘प्री-बॉट्झिंगर संकुल’ म्हणतात. त्यातील अनेक पेशींवर म्यू नावाचे ग्राही, म्हणजे औषधाचा रेणू नेमका जाऊन बसेल अशी प्रथिने, असतात. मॉर्फीन तेथे बसले की पेशीतून पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात, पेशी उद्दीपित होणे अवघड होते आणि शेजारच्या पेशीला जाणारा रासायनिक संदेशही क्षीण होतो. लंबमज्जेच्या वर असलेल्या भागातील, श्वासाची गती राखणाऱ्या पेशीही अशाच मंदावतात, आणि दोन श्वासांमधील विराम लांबत जातो.

याहून घातक परिणाम दुसराच आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की एरवी जीव घाबरा होतो आणि श्वास आपोआप वाढतो. अफूजन्य औषधे ही जाणीव आणि ही प्रतिक्रिया दोन्ही बोथट करतात, म्हणून रुग्ण तडफडत नाही, शांत झोपल्यासारखा दिसतो. नळीने प्राणवायू चालू असेल तर बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडाही बराच काळ चांगला राहतो, आणि कार्बन डायऑक्साइड साचत असल्याचे त्यावरून कळत नाही.

कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्यात डॉक्टरांना आणखी एक भेद करावा लागतो. अफूच्या गुंगीप्रमाणे ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेतही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि श्वास ढासळतो. परंतु तेथे लाळ, घाम, छातीतील घरघर आणि स्नायूंची फडफड असते, अफूच्या गुंगीत यातले सहसा काही नसते. पहिल्यावर अॅट्रोपिन, दुसऱ्यावर नॅलोक्झोन. नॅलोक्झोन म्यू ग्राहीवरून मॉर्फीनला हुसकावते, पण त्याचा अंमल साधारण तास-दीड तासात ओसरतो आणि मूळ औषध अधिक काळ टिकणारे असेल तर श्वास पुन्हा मंदावतो, म्हणून शुद्धीवर आलेल्या रुग्णाला लगेच घरी पाठवणे चुकीचे ठरते.

वेदनेसाठी थोड्या मात्रेपासून बेताबेताने वाढवलेले मॉर्फीन क्वचितच श्वास रोखते: वेदना स्वतःच श्वासाला चालना देते, शरीर या परिणामाला सरावते आणि श्वास मंदावण्याआधी बहुधा गुंगी वाढते. धोका वाढतो तो मूत्रपिंडे निकामी असताना, झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबत असताना. जिल्ह्यात दारूबंदी असली तरी डॉक्टरांनी दारूबद्दल विचारलेच पाहिजे. मॉर्फीनच्याच वर्गातील फेंटानिलच्या, त्वचेवर चिकटवायच्या पट्टीतून उष्णतेने औषध अधिक वेगाने शोषले जाते, हे वर्ध्याच्या मे महिन्यात विसरून चालणार नाही.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे देशभरातील अनेक रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणे टाळले. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट बरीच सोपी केली, आता औषध नाकारण्यास कायद्याची सबब पुरेशी नाही. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी ठरलेली मात्रा स्वतःहून वाढवू नये, औषध मुलांच्या हाती लागू देऊ नये, आणि गुंगी वाढली की पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत; ते आठच्या खाली गेले किंवा हलवूनही रुग्ण जागा होत नसेल, तर १०८ वर फोन करण्यास विलंब लावू नये.