मुलाखतीचे चित्रीकरण : हातातील कॅमेरा आणि स्थिर कॅमेरा

मुलाखत चित्रित करताना कॅमेरा हातात धरावा की ट्रायपॉडवर ठेवावा, हा प्रश्न बहुधा तांत्रिक मानला जातो. वस्तुतः बोलणाऱ्यापासून आपण किती अंतरावर राहणार, हे त्यातून ठरते. दूरचे दृश्य जवळ आणणाऱ्या भिंगातून हाताचा किंचित कंपही मोठा दिसतो. रुंद कोनाच्या भिंगातून तो फारसा जाणवत नाही. साहजिकच हातात कॅमेरा घेणाऱ्यास माणसाच्या निकट जावे लागते. एदगार मोरँ यांच्यासह 'क्रॉनिक दँ एते' (१९६१) हा चित्रपट करणारे फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ झाँ रूश यांनी झूमऐवजी कॅमेऱ्यासह चालत जाण्याचाच पुरस्कार केला.

निकटता नेहमीच हितकर असते असे नाही. क्लोद लान्झमान यांच्या 'शोआ' (१९८५) मध्ये त्रेब्लिंका मृत्युछावणीतून वाचलेले आब्राहाम बोम्बा केस कापता कापता बोलतात आणि एकाएकी थांबतात. लान्झमान त्यांना पुढे बोलण्याचा आग्रह करतात. तो आग्रह कितपत योग्य, याविषयी मतभेद आहेत; परंतु त्या दीर्घ मौनात कॅमेरा चेहऱ्यावरून ढळत नाही. तेथे चौकट अस्थिर असती, तर प्रेक्षकाचे लक्ष त्या मौनावरून उडाले असते.

आपले विद्यार्थी मौखिक इतिहासासाठी वृद्धांच्या मुलाखती मोबाइलवर घेतात. हाताचा कंप कमी करण्याची सोय आता बहुतेक मोबाइलमध्ये असते (त्यात चौकटीच्या कडा थोड्या कापल्या जातात, ही बाब वेगळी). पण एकटा विद्यार्थी मोबाइल धरून प्रश्न विचारतो तेव्हा त्याची नजर पडद्यावर असते, आणि समोरच्या आजी कोणाकडे पाहून बोलावे, हे शोधत राहतात.