सिंहाच्या नाकावरचा हिशेब

शिकार म्हटली की मचाण, बंदूक आणि दिवाणखान्यातल्या भिंतीवरचे वाघाचे मुंडके आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. आपल्याकडे वाघ-सिंहाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरली. परंतु आफ्रिकेतल्या काही देशांत ती आजही परवाना घेऊन करता येते. जगात सर्वांत जास्त सिंह ज्या टांझानियात आहेत, तिथेही करता येते. मग प्रश्न असा पडतो, की मोठ्या हिंस्र जनावराची शिकार होऊ द्यायची आणि त्याची जातही टिकवायची, हे जमणार कसे?

आपण म्हणाल, त्यात काय अवघड आहे? शंभर सिंह असतील तर चार-पाच मारू द्यावेत, म्हणजे झाले! हरणांच्या बाबतीत असा हिशेब पुष्कळदा चालून जातो. सिंहाच्या बाबतीत मात्र तो साफ चुकतो. का चुकतो, हे समजायला सिंहाच्या घरात थोडे डोकवावे लागेल.

सिंहाच्या कळपात काही सिंहिणी, त्यांचे बछडे आणि एक-दोन किंवा अधिक मोठे नर असतात. सिंहिणी बहुधा जन्मभर तिथेच राहतात. नर मात्र बाहेरून येतात. साधारण चार वर्षांचे झाले की ते जुन्या नरांना हुसकून कळप ताब्यात घेतात. दोन-तीन वर्षांनी त्यांच्याहून जोरकस कोणी आला, की त्यांचीही गच्छंती होते.

आता यातला कठोर भाग ऐका. नवा नर येतो तो आधीच्या नराची लहान पिल्ले मारून टाकतो. कारण अंगावर पिल्ले असेपर्यंत सिंहीण पुन्हा माजावर येत नाही. पिल्ले गेली, की थोड्याच दिवसांत येते. नव्या नराला वेळ थोडा, आणि त्याला स्वतःचा वंश वाढवायचा असतो. म्हणजे कळपाचा धनी बंदुकीला बळी पडला तर कागदावर एक सिंह कमी होतो, पण जंगलात त्याच्यामागे त्याची सगळी लहान पिल्ले जातात. घरचा कर्ता गेला म्हणजे काय होते, हे आपल्याला का सांगायला हवे?

यावरूनच एक साधा हिशेब निघाला. नर चार वर्षांचा असताना कळपात आला. गर्भाचे साडेतीन महिने धरा, आणि पिल्ले आपल्या पायांवर उभी राहायला सुमारे दोन वर्षे. म्हणजे नर सहा वर्षांचा होईपर्यंत जगला, तर त्याची निदान एक पिढी मार्गी लागते. त्यानंतर तो गेला तरी कळपाचे नुकसान थोडे. सेरेंगेटीत १९७८ पासून सिंहांचा अभ्यास करणारे क्रेग पॅकर आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली हाच हिशेब गणिताने मांडून दाखविला. किती सिंह मारले यापेक्षा कोणते मारले याला महत्त्व अधिक, असे त्याचे सार होते.

हा हिशेब पाळला नाही तर काय होते, ते झिंबाब्वेतल्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाभोवती दिसले. १९९९ पासून तिथे संशोधकांनी सिंहांवर खुणा करून पाळत ठेवली होती. खुणा केलेल्या प्रौढ नरांपैकी तब्बल ७२ टक्के नर सीमेबाहेरच्या शिकारक्षेत्रांत मारले गेले! एक जागा रिकामी झाली, की आतला दुसरा नर तिथे सरकायचा आणि तोही बंदुकीच्या टप्प्यात यायचा. अखेर २००५ साली तिथली सिंहाची शिकार काही वर्षे बंद ठेवावी लागली. मग नरांची संख्या पुन्हा वाढली.

बरे, सिंह सहा वर्षांचा झाला हे दुरून कळायचे कसे? त्याच्यापाशी काही जन्मदाखला नसतो! पण त्याच्या नाकावर थोडाफार लिहिलेला असतो. बछड्याचे नाक गुलाबी असते. वय वाढेल तसे त्यावर काळे ठिपके पडत जातात, आणि पाच-सहा वर्षांच्या सुमारास निम्मे नाक काळे होते. अर्थात ही खूण सर्व प्रदेशांत सारखी नसते. म्हणून आयाळ, चेहऱ्यावरचे व्रण, दातांचा रंग हेही पाहतात. शिकारीनंतर कवटी आणि दात तपासले जातात. मोझांबिकच्या नियासा अभयारण्यात कोवळा नर मारणाऱ्या कंपनीचे पुढच्या वर्षीचे परवाने कमी होतात. या शिक्षेमुळे तिथे तरुण सिंह मारले जाण्याचे प्रमाण पुष्कळ खाली आले. टांझानियानेही पुढे सहा वर्षांचा नियम केला. मात्र नियम चुकवणारे सगळीकडेच असतात. म्हणून वयाच्या अटीबरोबर संख्येलाही मर्यादा हवी, दोन हजार चौरस किलोमीटरमागे वर्षाला एकच सिंह, असे पॅकर यांनीच पुढे सुचविले.

कोणी विचारील, मुळात मारायचेच कशाला? प्रश्न रास्त आहे. त्यावर तिकडचे उत्तर असे, की टांझानियात शिकारीसाठी राखलेली जमीन राष्ट्रीय उद्यानांपेक्षा जास्त आहे. ती राखण सुटली तर तिथे नांगर आणि गुरे येतील, आणि गाय मेली म्हणून घातलेले विष नर, मादी की पिल्लू, हे पाहत नाही. उलट शिकारीचा पैसा त्या गावकऱ्यापर्यंत कितीसा पोचतो, हीही शंका खोटी नाही. हा वाद अजून मिटलेला नाही.

पण यातला एक धडा आपल्या उपयोगाचा आहे. जुन्नरच्या उसातले बिबटे २००१ ते २००३ या काळात पिंजऱ्यात धरून त्यांतले कित्येक दूरच्या रानांत सोडण्यात आले. इथे बंदूक नव्हती, हेतूही चांगलाच होता. तरी माणसांवरचे हल्ले थांबण्याऐवजी वाढले, असे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात आढळले. ज्याला उचलले त्याचीही एक जागा होती, शेजारपाजार होता. तो सारा विस्कटला.

ज्या गावात संध्याकाळी मूल अंगणात सोडायची भीती वाटते, तिथे बिबट्याचा बंदोबस्त मागणे चूक कसे म्हणावे? नरभक्षक ठरलेल्या जनावराला मारण्याची सोय कायद्यातही आहे. फक्त "एक तरी कमी करा" असे म्हणण्यापूर्वी "कोणता, आणि त्याच्या जागी कोण येईल?" हे दोन प्रश्न विचारायला हवेत. श्वापदांची नुसती डोकी मोजून भागत नाही. त्यांचे घर कसे चालते, हेही पाहावे लागते.